सुभेदारांचं हलकंफुलकं

लालासाहेबांना कधी कुणी हसताना पाहिलं नव्हतं. आणि मलकापूरच्या त्या शाळेनं पालकांनी घरी काय वाचून हसावं, हे ठरवायचं काम नेमकं त्यांच्याच गळ्यात घातलं.

शाळेच्या नावात इंटरनॅशनल हा शब्द होता. तिन्ही बाजूंना ऊस, चौथ्या बाजूला हायवे आणि फाटकावर सिमेंटचा पृथ्वीगोल. परदेशाशी शाळेचा संबंध तेवढाच. पण फी अशी दणदणीत, की ती भरून बाहेर पडणाऱ्या बापाला आपण जगात कुठंतरी पोचलो असं वाटल्याशिवाय राहत नसे. लेकराला दोन ओळी धड वाचता येतात का, हे मग कोण विचारतो? टाय सरळ असला म्हणजे झालं.

या शाळेच्या मुख्याध्यापिका राजनंदिनी मॅडम पुण्याला कसल्याशा शिबिराला गेल्या आणि येताना एक नवं खूळ घेऊन आल्या. आजची कुटुंबं एकत्र बसून हसायची विसरली आहेत, असं त्यांना तिथं कळलं. त्यावर उपाय असा, की दर शनिवारी पालकांच्या ग्रुपवर एक पुस्तक, एक सिनेमा आणि एखादी ऐकायची गोष्ट सुचवायची. सगळं कसं हलकंफुलकं हवं. हे काम कोण करणार, असं त्यांनी पालकसभेत विचारलं, तेव्हा सगळे पालक एकदम फरशीकडं पाहायला लागले. एकटे लालासाहेब ताठ उभे राहिले. कुणी माणूस मागितला की उभं राहायचं, ही त्यांची लष्करातली सवय. तिथं जन्मभर कारकुनी करून ते नायब सुभेदार होऊन परतले होते, आणि सगळा गाव त्यांना सुभेदारच म्हणायचा. सुटलो बुवा, अशा आनंदात पालकांनी टाळ्या वाजवल्या. लालासाहेबांना तो आपला मान वाटला.

खरं म्हणजे ते पालक नव्हतेच. शाळेत होती त्यांची नात, अंकिता, पाचवीत. तिचा बाप शिवतेज कुपवाडला एक छोटं वर्कशॉप चालवायचा आणि शनिवारी रात्री घरी यायचा. आई पूजा घरीच होती. एम. कॉम. झालेली होती. पण सुनेनं सभेला जाऊन काय करायचं, असं म्हणून लालासाहेब स्वतःच जायचे आणि पुढच्या खुर्चीवर बसायचे.

घराची शिस्त हा त्यांचा मोठा अभिमान. त्यांचे वडील रानातून आले की उंबऱ्याबाहेर उभं राहून मोठ्यानं खाकरायचे. घरातल्या बायकांनी पदर सावरावा, बोलणं आवरावं, म्हणून जुनी माणसं खाकरत. आता घरात पदर होता तो एकट्या राहीबाईंच्या, म्हणजे लालासाहेबांच्या बायकोच्या डोक्यावर. पूजा पंजाबी ड्रेस घालायची. तरी लालासाहेबांचं खाकरणं चालूच. फाटक उघडलं की एकदा, चपला काढताना एकदा. भाजी आणायला गेले तरी, नुसतं पोस्टाच्या पेटीपर्यंत जाऊन आले तरी. त्या आवाजासरशी घर असं चिडीचूप व्हायचं, की त्यांना समाधान वाटायचं. ‘आमच्या घरात फिदीफिदी नसतं,’ असं ते चारचौघांत सांगायचे.

अशा माणसानं विनोद निवडायला घेतला. कराडला पुस्तकांच्या दुकानात जाऊन त्यांनी विचारलं, “हसायची पुस्तकं कुठल्या कप्प्यात आहेत?” दुकानदारानं दाखवली. लालासाहेबांनी त्यातली जाडीला बरी दिसणारी उचलली, घरी आणून चष्मा लावून टेबलाशी बसले आणि विनोद आला की समासात पेन्सिलीनं बरोबरची खूण करत गेले. तोंडावरची रेघ हलली नाही. सिनेमाही त्यांनी असाच पाहिला, पाठ न टेकता. त्यात एका शेठजीचे तीन नोकर मालकाला गंडवतात अशी गंमत होती. शेठजी पिठाच्या पिंपात पडला तेव्हा त्यांनी सिनेमा थांबवला आणि घड्याळात पाहून पाणी प्याले.

शनिवारी ग्रुपवर संदेश गेला. ‘सर्व कुटुंबांनी आज सायंकाळी एकत्र बसून खालील पुस्तक वाचावे व हसावे. विनोद योग्य. भाषा स्वच्छ. सिनेमाही पाहावा, मात्र नोकरांची शिस्त बरी नाही, हे मुलांच्या निदर्शनास आणून द्यावे. हुकुमावरून, लालासाहेब.’

आणि पालक काय कमी होते? अडीच तासांचा सिनेमा सुचवून कपातला चहा निवायच्या आत अंगठे यायला लागायचे. ‘खूप सुंदर सर.’ ‘मुलांनी खूप एन्जॉय केलं सर.’ ‘आजोबा-आजीसुद्धा हसून लोटपोट.’ एका बाईनं शोकेसमध्ये ठेवलेल्या पुस्तकाचा फोटो टाकला. त्याचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. शेजारी चांदीचा गणपती मात्र नीट पुसलेला होता. एका शनिवारी तर लालासाहेबांनी चुकून उसाला टाकायच्या खताचा निरोप, जो मळ्यातल्या गड्याला पाठवायचा होता, तो पालकांच्या ग्रुपवर टाकला. युरिया किती, पोटॅश किती, भरणीच्या आधी की नंतर, सगळं तपशीलवार. त्यावरही अंगठे आले. ‘खूप छान निवड सर, आज रात्रीच वाचतो,’ असं एका डॉक्टरांनी लिहिलं. ज्यांच्या बापजाद्यांनी जन्मभर उसाला खत घातलं, त्या लोकांना ते खत आहे हेसुद्धा ओळखू येऊ नये! लाज वाटायला हवी. पण लाज वाटण्यासाठी आधी ते वाचावं लागतं.

लालासाहेबांनी निरोप पुसला, पण अंगठे मनावर घेतले. आपण तालुक्यातल्या सगळ्या घरांना हसवतो, असं त्यांना मनापासून वाटायला लागलं.

एकदा शाळा सुटायच्या वेळी ते फाटकाशी उभे होते. शेजारी वाईकडचा एक म्हातारा नातवाला न्यायला आला होता. टोपी तेलकट, बुशकोटाला बटण नाही, लालासाहेबांच्या मते अगदीच अजागळ माणूस. पोरगं पळत आलं, म्हाताऱ्यानं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि ते पोरगं हसता हसता त्याच्या पोटाला मिठी मारून खालीच बसलं. तेवढ्यात अंकिता आली. दप्तर नीट, रिबिनी नीट. ती लालासाहेबांसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “चला आबा.” वाटेत ती काही बोलली नाही. तिनं कधी वाटेत काही बोलल्याचं त्यांना आठवेना.

त्या दिवसापासून त्यांना एकच गोष्ट हवी झाली. अंकितानं आपल्याजवळ बसून एकदा खळखळून हसावं. त्या अजागळ म्हाताऱ्याला जमतं, आणि एवढ्या घरांना हसवणाऱ्या आपल्याला जमू नये? कुणाला सांगायची गोष्ट नव्हती, पण मनातून ती जाईना. जेवतानासुद्धा ते तिच्याकडं बघत राहायचे आणि तिनं वर पाहिलं की म्हणायचे, “सरळ बस.”

मॅडमनी आयतीच संधी दिली. स्नेहसंमेलनात पडद्यावर ‘हसतं घर’ नावाची फीत दाखवायची होती, आणि तिची सुरुवात सुभेदारांच्या घरापासून व्हावी अशी त्यांची इच्छा होती. सगळं कुटुंब एकत्र बसून पुस्तक वाचतंय आणि हसतंय, एवढंच.

रविवारी सकाळी लालासाहेबांनी सगळ्यांना पुढच्या सोप्यात बसवलं. शिवतेजला मोबाईल घेऊन उभं केलं. राहीबाई डावीकडं, पूजा उजवीकडं, अंकिता मधे त्यांना खेटून. त्यांनी गोष्ट निवडली होती एका नवरदेवाची, ज्याची शेळी एसटीत चढते आणि कंडक्टर तिच्याकडं तिकीट मागतो. गोष्ट वाईट नव्हती. पण लालासाहेबांनी ती अशी वाचली, की हजेरी चालली आहे असं वाटावं. शेळी चढली, कंडक्टर आला, शेळीनं तिकिटाचं बंडल खाल्लं. लालासाहेब थांबले. समासातली खूण तिथंच होती.

कुणी हसलं नाही.

अंकितानं मान वर करून विचारलं, “आबा, आता हसू का?”

शिवतेजनं मोबाईल खाली घेतला. राहीबाई म्हणाल्या, “आवं, हसायचं असं सांगून येतंय व्हय? ऱ्हाऊ द्या की.”

“कसं येत न्हाई? सगळ्या तालुक्याला येतंय!” लालासाहेब कडाडले. “पुन्हा पहिल्यापासून!”

आणि त्यांनी ती गोष्ट पुन्हा वाचली, मग आणखी एकदा, दर वेळी अधिक मोठ्यानं. शेवटी शेळी एसटीत चढली ती नुसत्या घोगऱ्या आवाजातच, आणि कंडक्टर यायच्या आत आवाज पूर्ण बसला. अंकितानं तोवर दात दाखवायला सुरुवात केली होती. हसत नव्हती; डॉक्टरला दाखवावेत तसे दात दाखवत होती. लालासाहेबांनी ते पाहिलं आणि पुस्तक मिटलं.

सोमवारी कराडच्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं. सूज होती. “आठवडाभर एक शब्द बोलायचा नाही,” ते म्हणाले. “आणि सुभेदार, खाकरायचं तर अजिबात नाही. त्यानंच घसा सोलवटतोय.”

लालासाहेब रिक्षानं घरी परतले. संध्याकाळचे दिवे लागायचे होते. फाटकाशी आल्यावर घशात सवयीनं उचल आली, ती त्यांनी गिळली. चपला काढताना पुन्हा गिळली. एवढ्या वर्षांत न खाकरता ते प्रथमच उंबऱ्याच्या आत गेले.

आतून हसणं ऐकू येत होतं. त्यांना वाटलं, टीव्ही चालू असेल. पण सोप्यातला टीव्ही बंद होता. आवाज स्वयंपाकघरातून येत होता आणि त्यात एक हसणं इतकं मोकळं, इतकं कर्कश होतं, की शेजारची पोरगी आली असावी असा त्यांचा समज झाला. ते दाराआड उभे राहिले आणि फटीतून त्यांनी पाहिलं.

राहीबाई ओट्याला पाठ लावून ताठ उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर त्यांनी कानांभोवती लालासाहेबांच्या माकडटोपीसारखा गुंडाळला होता. नाकाच्या टोकावर लालासाहेबांचा जुना चष्मा, हातात पुस्तक म्हणून चपातीचा गोल डबा. खर्जातला आवाज काढून त्या वाचत होत्या, “सर्व कुटुंबानी डाळ शिजस्तवर हसावं. इनोद योग्य. भाषा सोच्छ. कुकरची तिसरी शिट्टी झाली की हसणं थांबवून पदर सावरावा. शेळीची शिस्त बरी न्हाई. हुकुमावरनं!”

पूजा कणकेच्या हातांनी डोळे पुसत होती. गालाला पीठ लागलेलं. आणि अंकिता फरशीवर पडली होती. अक्षरशः पडली होती. पोट धरून, पाय झाडत, श्वास न पुरून. “आज्जी, पुन्हा! आज्जी, शेळीचं पुन्हा!”

लालासाहेबांना आधी संताप आला. आपल्या घरात, आपल्या पाठीमागं, आपल्याच चष्म्यानं! मग त्यांच्या ध्यानात आलं, की हे काही आज सुरू झालेलं नाही. राहीबाई इतक्या सराईतपणे उभ्या होत्या, पोर इतक्या सवयीनं लोळत होती. हे घर रोज हसत होतं. ते फाटकाशी येईपर्यंत हसत होतं. एवढ्या वर्षांच्या संसारात या बाईला असलं काही येतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक होणारही नव्हतं. कारण रोज फाटकापासून वर्दी देऊनच ते घरात यायचे. त्यांना फार वाईट वाटलं.

राहीबाईंनी चष्मा आणखी खाली ओढला आणि अंकिताकडं बोट केलं. “तू गं! सरळ लोळ!”

आणि लालासाहेबांना हसू आलं. कसं कोण जाणे, पण आलं. छातीतून वर आलं, खांदे हलले, डोळ्यांत पाणी आलं. नुसतं आत शिरावं, अंकिताशेजारी फरशीवर बसावं आणि म्हणावं, पुन्हा वाच, शेळीचं पुन्हा वाच, असं त्यांना वाटलं. हसू सुजलेल्या घशाशी आलं, तिथं घासलं आणि बाहेर पडलं ते खाकरण्यासारखं. मोठं, खरखरीत, रोजच्यासारखं.

स्वयंपाकघर गप्प झालं.

चष्मा डब्यामागं गेला, पदर डोक्यावर आला. पूजा परातीकडं वळली. अंकिता उठून उभी राहिली, फ्रॉक झटकला, केस मागं केले. माठातून पेला भरून ती दाराशी आली, तेव्हा तिचा चेहरा शाळेच्या फाटकाशी असायचा तसा होता.

“आबा, पाणी,” ती म्हणाली. “आम्ही हसत नव्हतो.”

लालासाहेबांनी तोंड उघडलं. आवाज नव्हता. त्यांनी हात हलवून काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. तिला वाटलं, आबा रागावले, आणि ती एक पाऊल मागं सरली. तेव्हा त्यांनी पेला घेतला, पाणी प्याले आणि रिकामा पेला तिच्या हातात दिला.