काकांचं रशियन

नवी मशीनं शिकून घेण्यासाठी कंपनीने मला तीन महिने रशियाला पाठवायचं ठरवलं, तेव्हा मी आणि बायको नुकतेच नवीन पनवेलला राहायला आलो होतो. खालच्या मजल्यावरचे काका कारखान्यातून निवृत्त झालेले. तरुणपणी दोन वर्षं रशियात होतो, असं सांगायचे. माझं कळताच म्हणाले, "रोज संध्याकाळी ये. कामापुरतं शिकवतो."

मला पहिल्या दिवसापासून शंका होती. दोन वर्षं राहिलेल्या माणसाकडे एक फोटो नाही, एक वस्तू नाही. तिथल्या थंडीचं विचारलं तर, "थंडीच ती. फार." एवढंच. पण स्टेशन कुठे, केवढ्याला, धन्यवाद, ही वाक्यं मात्र घडाघडा यायची. अक्षरंही त्यांनीच शिकवली. 'मला समजलं नाही' याला 'या ने पोन्याला' म्हणायचं. हे पाठच कर म्हणाले, सगळ्यात जास्त हेच लागतं.

पुढे ऑफिसातून एक छोटं पुस्तक मिळालं. त्यात 'पोन्याल' होतं. 'पोन्याला' बाईने म्हणायचं, जसं आपल्यात पुरुष 'मी आलो' म्हणतो आणि बाई 'मी आले'. मग वही तपासली. मी विसरलो, मी रस्ता चुकलो, सगळंच बाईच्या तोंडचं. म्हटलं, सापडले. हे कधी गेलेच नाहीत तिकडे. कुठून तरी रेडिओवरून उचललेलं दिसतंय.

संध्याकाळी पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं. "काका, तुम्ही मला बायकांचं रशियन शिकवताय."

त्यांनी चष्मा लावून पान पाहिलं. मग एकदम हसू आलं त्यांना. "असं होय! म्हणजे दोन वर्षं मी असंच बोलत होतो. आणि ती नुसती हसायची."

"ती कोण?" काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या.

"अगं, दुभाषी होती आमची."

"मला तर म्हातारा फोरमन शिकवायचा म्हणून सांगितलं होतंत."

काका चहावर फुंकर घालत राहिले. दुसऱ्या दिवसापासून शिकवणी बंद झाली.

निघायच्या आदल्या दिवशी, काका बाजारात गेल्यावर, काकू वर आल्या. पदराआडून घडी घातलेला कागद काढला. "तुला अक्षरं येतात ना? वाच."

हाताने लिहिलेलं रशियन. छापील अक्षरं मला येत होती, ही वळणं निराळीच. अडखळत चार ओळी वाचल्या. 'स्पासीबा' ओळखू आलं. आणि दोन-तीन शब्द 'ला'ने संपत होते, तेही दिसलं.

"धन्यवाद लिहिलंय," मी म्हणालो. "बाकी नाही कळत."

"बाईने लिहिलंय की पुरुषाने, तेही नाही कळत?"

"नाही."

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "तुलाही पढवून ठेवलंय त्यांनी," म्हणाल्या आणि कागद घेऊन जिना उतरल्या.

तीन महिन्यांनी परतलो, तेव्हा मला खरंच बऱ्यापैकी वाचता येत होतं. आम्ही दोघं बाजारातून येत असताना काकू जिन्यात भेटल्या. वाळलास, म्हणाल्या. कागदाचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. मग माझ्या बायकोकडे वळून म्हणाल्या, "याला तिथे शिकवायला कोण होतं, विचारलंस का गं?"

बायकोने तोवर विचारलं नव्हतं. घरात शिरल्या शिरल्या विचारलं.