शेजारणीचं बोट

चुलीत तुराट्या जळल्याचा वास आला की नायगावजवळच्या आमच्या गावातली ती सकाळ आठवते. जन्मभर चुलीपुढं बसून आईची फुप्फुसं निकामी झाली होती. नांदेडच्या दवाखान्यानं बोटाला लावायचा एक चिमटा दिला होता. आईनं रोज सकाळी त्यात बोट घातलं की रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा दवाखान्यात जायचा आणि नांदेडला माझ्याही मोबाईलवर यायचा. कधी सत्त्याण्णव, कधी अठ्ठ्याण्णव. तो बघून मी निवांत चहा प्यायची. एकदा न कळवताच गावी गेले. आई भिंतीला टेकून, खांदे उचलून श्वास ओढत होती, ओठ जांभळे पडले होते, आणि शेजारची चाची तिच्याजवळ बसून चिमट्यात स्वतःचं बोट घालत होती. "चाची, हे काय करायलात?" मी ओरडले. चाचीनं खाली बघितलं. "तुझी मायच म्हणली बेटा. 'माझा आकडा बघून लेक नोकरी सोडून पळत यील, तू घाल,' म्हणली. मी लई नको म्हणलं." मी चिमटा ओढून आईच्या बोटाला लावला. एकाहत्तर. धापांमधून आई एवढंच म्हणाली, "तिला नको बोलू. च्या टाक." त्याच आठवड्यात आई गेली. चिमटा अजून माझ्या कपाटात आहे, दवाखान्याच्या यादीतून तिचं नावही कुणी काढलेलं नाही. कधीतरी मी त्यात बोट घालते. सत्त्याण्णव येतं, आणि लगेच मोबाईलवर दवाखान्याचा निरोप येतो : आईंची प्रकृती उत्तम आहे.