इग्नासियाचा ठिपकेवाला

इग्नासिया लेझामानं तिसरीत शाळा सोडली ती सोडलीच. त्यानंतर पन्नास वर्षं लोपिनोच्या डोंगरात एकच काम. कोकोच्या बिया उन्हात पसरायच्या आणि चकाकी येईपर्यंत अनवाणी पायांनी त्यांच्यावर नाचायचं. काम संपलं की ओढ्यात पाय सोडून गप्पी मासे बघत बसायचं. गाव तोंडावर टांटी, म्हणजे मावशी, म्हणायचं आणि मागे म्हणायचं, बाई येडी आहे. म्हणू दे.

आता गुडघे गेले होते. नाच संपला होता. तेवढ्यात ओढ्याकाठी माशांचं अभ्यासकेंद्र उघडलं. माशांच्या पेट्या सांभाळायला माणूस हवं होतं. तिथल्या मिस ऑड्रीनं अट घातली, "गप्पीचा एकेक नर आणा. ओढ्यातल्या माद्या ज्याच्याकडे जातील, त्याच्या मालकाला काम."

काम मागायला आलेल्या गावातल्या तरण्या कॉम्प्टननं बाटलीतून दुकानातला नर आणला, शेपूट नुसती झालर. इग्नासियाचा एवढासा, कुशीवर नारिंगी ठिपका.

"टांटी, मासा आहे का मिरचीची बी?" कॉम्प्टन हसला.

"तुझ्याकडे बघून कुणी वळलंय का रे आजवर? गप बस."

केंद्राच्या पत्र्याच्या शेडपुढं, भर उन्हात काचेची पेटी ठेवली, दोन बाजूंना दोन नर. माद्या कोपऱ्यात. ना इकडे, ना तिकडे.

"बरोबरी," मिस म्हणाली. "मग कॉम्प्टनच. त्याला लिहिता येतं."

पण इग्नासिया हटली नाही.

"थांबा मिस! एवढ्या उन्हात नटून कोण फिरतं? खालच्या डोहात मोठा मासा टपलेला, नटलेला आधी त्याच्या पोटात जातो. माझा धबधब्याच्या वरच्या पाण्यातला. तिथं तो खाणारा नाही, म्हणून नटतात. तरी नाचतात सावलीतच. कॉम्प्टन, धर रे तिकडून!"

पेटी कोकोच्या झाडाखाली गेली. वर केळीचं पान टाकलं.

ठिपकेवाल्यानं अंग वाकवलं, थरथरला. एक मादी वळली. मग दुसरी, मग सगळ्याच. झालरवाला स्वतःची शेपूट ओढतच दमला.

"पण ह्याच्याकडेच का, टांटी?" कॉम्प्टनचा आवाज उतरला होता.

"ती नारिंगी छटा फुकट येत नाही. पाण्यात पडलेली फळं, दगडावरचं शेवाळ, जो मिळवून खातो त्यालाच चढते. पोरींना कळतं ते."

मिसनं केंद्राची किल्ली इग्नासियापुढे केली. "आणि नोंदी?"

"मी सांगेन. हा लिहील."

कॉम्प्टननं कानावरची पेन्सिल काढली. इग्नासियानं गुडघ्यांना शिवी हासडली आणि तिथंच, मातीत, दोन पावलं नाचून घेतली.