जुनेरा मॅडमना विचारून सांगते

आतिफाला 'नाही' म्हणता येत नव्हतं. बाकी पोरीत खोट काढायला जागा नव्हती. पण लोणच्याच्या धंद्यात ही एकच खोट पुरून उरते. थळच्या पलीकडे त्यांचा मोहल्ला, आणि मोहल्ल्यात दर दाराआड एक चाची नाहीतर खाला. कोळंबीच्या लोणच्याची बरणी मागायला जी यायची ती नात्याने यायची, आणि पैशाचं नाव निघालं की तोंड एवढंसं करायची. नवरा आमिर कतारला. तो फोनवर हसायचा, "तू धंदा करतेस की दर्ग्यावरची नियाज फुकट वाटतेस गो?"

लोणचं मात्र असं, की बोटं चाटत राहावं. इन्स्टाग्रामचं सगळं आतिफा एकटीच बघायची. सकाळच्या उन्हात बरणी कट्ट्यावर मांडायची, एका हाताने मोबाइल धरायचा, दुसऱ्याने कावळे हाकलायचे. एकदा कावळ्याने चालू रीलमधूनच कोळंबी पळवली. ते रील तिच्या बाकी सगळ्या रीलांपेक्षा जास्त चाललं, आणि ती दोन दिवस कावळ्यावर जळत होती.

मग एके दिवशी शेजारच्या नूरजहाँ चाचीने चारचौघांत, थेट कमेंटमध्ये लिहिलं, "आतिफा, दोन बरण्या ठेव. घरच्या भावात हां." आतिफा सवयीने लाल बदाम पाठवायला गेली, आणि कोण जाणे काय संचारलं, बोटांनी भलतंच लिहिलं: "सवलत मिळणार नाही. – जुनेरा, व्यवस्थापक."

आतिफाला तर घाम फुटला. पण संध्याकाळी चाचीच कुंपणाशी येऊन हळूच म्हणाली, "तुझी मॅडम भारी खडूस दिसते गो. घे बाई पैसे."

झालं! त्या दिवसापासून जुनेरा मॅडम नोकरीवर रुजू झाल्या. आतिफा बदाम पाठवायची, मॅडम फक्त पूर्णविराम द्यायच्या. कुणी उधार मागितलं की आतिफा गोड आवाजात म्हणायची, "माझ्या हातात असतं तर दिलं असतं हो. मॅडमना विचारून सांगते." एकदा पार्सल उशिरा गेलं, तर मॅडमनी आतिफालाच सगळ्यांदेखत झापलं. गिऱ्हाइकं खवळली. "बिचारीला छळू नका!" म्हणत त्यांनी त्या आठवड्यात दुप्पट बरण्या मागवल्या. आतिफा उशीत तोंड खुपसून हसली.

मॅडमना फोटो हवा होता. सासू महेरुन्निसा मोतीबिंदूचं ऑपरेशन करून मुंबईहून बोटीने परतली, तेव्हा मांडव्याच्या जेट्टीवर आतिफाने तिचा एक फोटो काढला होता. काळा बुरखा, पाठमोरी, मान जराशी वळलेली, गॉगलची काडी तेवढी दिसतेय. काय रुबाब होता! आतिफाने तोच मॅडमचा म्हणून इन्स्टाग्रामवर लावून टाकला. सासूला मोबाइलमधलं काय कळतंय, असा तिचा हिशेब.

अशात वांद्र्याच्या सुयश नावाच्या दुकानदाराचा मेसेज आला. दर महिन्याला दोनशे बरण्या घेईन म्हणाला. अट एकच, लेबल माझ्या दुकानाचं. दोनशे म्हणजे मागच्या अंगणात पत्र्याची शेड, मदतीला दोन बायका. पण लेबलावर तिचं नाव होतं. घरात ती आमिरची बायको, मोहल्ल्यात हमीदची सून. सासू तर नुसतंच 'अगो ए' म्हणायची. 'आतिफा' ही तीन अक्षरं ठसठशीत लिहिलेली जागा साऱ्या जगात एकच होती, ती बरणी. ते काढायचं तिच्या जिवावर आलं. मॅडमनी लिहून टाकलं: "नाव बदलणार नाही."

सुयश हट्टाला पेटला. "रविवारी मी स्वतः येतो. मॅडमशी समोरासमोर बोलेन, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे."

रविवारी तो पडवीत येऊन बसला. आतिफा म्हणाली, "मॅडमना बरं नाही."

"मग तुम्हीच सांगा. तुम्ही तर समजूतदार वाटता. लेबल आमचं, चालेल ना?"

आतिफाने तोंड उघडलं. 'हो' अगदी जिभेवर आलं होतं. स्वतःचाच तिला असा राग आला, की डोळ्यांत पाणी तरळलं.

तेवढ्यात आतला पडदा सरकला. काळा बुरखा, काळा गॉगल. महेरुन्निसा सावकाश खुर्चीत बसली.

"मी जुनेरा. बोला."

आतिफाने हातातला चहा घाईने सुयशपुढे ठेवला. सुयश चटकन उठून उभा राहिला. बुरखा आणि गॉगलची काडी फोटोतलीच होती.

"मॅडम, लेबलाचं..."

"तुमच्या दुकानावर पाटी कोनाच्या नावाची हाय?"

"माझ्याच."

"ती काढून माझी लावाल?"

सुयश ओशाळून हसला. "पण लोकांना कळायला हवं ना, माल आमच्याकडे मिळतो..."

"पिशवीवर छापा तुमचं नाव, हवं तेवढं मोठं. बरनीवर आतिफाचं राहील." सासूच्या तोंडून आपलं नाव आतिफाने लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं.

सुयशने डोकं खाजवलं आणि मान डोलावली. निघताना भावात थोडं कमी करा म्हणाला. "चाय पिलात ना?" मॅडम म्हणाल्या. "तीच सूट."

तो फाटकाबाहेर पडला तशी आतिफा सासूच्या पायांशीच बसली. "अम्मी, तुम्हाला कधी कळलं?"

"नूरजहाँनं कवाच दावला फोटो, 'ही बघ सुनेची मॅडम' म्हनून. माझी पाठ मला वळखायची न्हाय व्हय? फोटो लावतेस, इचारत न्हाईस. बेशरम!" म्हणाली, पण गॉगल काढेना. मजा येत होती म्हातारीला.

कुंपणापलीकडून नूरजहाँ चाचीने सगळं ऐकलं होतं. तिने मान वर काढली. "म्हंजे मॅडम-बिडम कोन न्हायच! मग आता काय गो आतिफा? एक बरनी दे, घरच्या भावात."

आतिफाने आशेने सासूकडे पाहिलं. महेरुन्निसाने गॉगल नीट बसवला आणि निवांत समुद्राकडे तोंड फिरवलं.

आतिफा उठून उभी राहिली.

"न्हाय, चाची."

चाची कमरेचा बटवा सोडता सोडता पुटपुटली, "ही तर त्या मॅडमपेक्षा खडूस निघाली गो."