सुदामरावांची पाळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. वाशीत माझी ओळख काटेकोर माणूस अशी आहे — सोसायटीचा सचिव, हिशेबात पै इकडची तिकडं होऊ न देणारा. हल्ली हे कौतुक ऐकलं की संताप होतो. कसला काटेकोर?

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ज्या तालुक्याच्या गावी मी तेव्हा नोकरीला होतो, तिथल्या वाचनालयात आम्हा नोकरदारांचं वाचक मंडळ होतं; सचिव मीच. ठरलेल्या कादंबरीची प्रत एकच. ती पाळीपाळीनं घरोघर फिरायची, मग चर्चा. ज्यानं वाचलं नाही त्यानं बोलायचं नाही — हा नियम माझाच.

त्या खेपेला एक नावाजलेली कादंबरी घेतली होती, वीसेक वर्षांपूर्वीची, दुष्काळातल्या एका गावावरची. लेखक स्वतः येणार होते. मंडळ हरखून गेलं होतं. करुणा, करुणा — आमच्या तोंडी दुसरा शब्द नव्हता. अहो, कसली करुणा? गावकुसाबाहेरची माणसं त्यात पानोपानी हात जोडून उभी होती, आणि आम्हाला तेच सुंदर वाटत होतं!

तहसील कचेरीतले सुदामराव आमच्यात एकटेच बौद्ध. एका बैठकीत मी पहिलं प्रकरण वाचून दाखवलं, तेव्हा बाहेर पडताना ते म्हणाले, "सचिवसाहेब, माझी माय दुष्काळी कामावर खडी फोडायला होती. मुकादमानं हजेरी खाल्ली तवा भर रस्त्यात गचांडी धरली तिनं त्याची. ह्या पुस्तकात आमचं एक तरी माणूस भांडतंय का? पुरं वाचतो अन् त्यांनाच इचारतो."

"विचारा की," मी म्हणालो.

"मग च्या गोड लागायचा न्हाय त्यांना," ते हसले.

माझ्यानंतरची पाळी त्यांचीच होती. आणि पुस्तक — सांगतोच आता — पुस्तक माझ्या घरी ज्वारीच्या कणगीमागं होतं. मी त्यांना सांगितलं, पानं सुटलीत, बाइंडिंगला उस्मानाबादला धाडलंय. मला असं करायला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. पाहुण्यांसमोर मंडळाची शोभा नको, म्हणे! आणि त्या माणसाची केली, ती?

चर्चेत सुदामराव उठले. लेखक ऐकायला पुढं झुकले. आणि मी — मी विचारलं, "पुस्तक वाचलंय का, सुदामराव?"

"न्हाय."

"मग नियमाप्रमाणं..."

"पेरणी न करताच मळणीला आले की हो!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो. ते खाली बसले.

निघताना ते माझ्याजवळ आले. अजूनही त्यांचा माझ्यावर भरवसा होता — याचीच सर्वांत जास्त चीड येते मला. "पुस्तक आलं की सांगा. पत्र तरी लिहितो त्यांना."

"सांगतो ना."

पुढं त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मग त्यांची परांड्याला बदली झाली. ज्या दिवशी ते बायकामुलांसह एसटीत बसले, त्याच संध्याकाळी मी ते पुस्तक वाचनालयाच्या कपाटात नेऊन ठेवलं. एकही पान सुटलेलं नव्हतं.