गुरुजींचे चुकीचे पर्याय

बरोबर उत्तर देणारे लोक जगात पैशाला पासरी मिळतील, पण चूक उत्तर इतक्या मनापासून खरं मानणारा माणूस आमच्या शाळेतल्या चौथीच्या गुरुजींखेरीज दुसरा झाला नाही आणि होणार नाही. मी सांगलीची, शहरात वाढलेली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला उंब्रजजवळच्या एका शाळेत तिसरीची बाई म्हणून रुजू झाले, तेव्हा हेडमास्तरांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं, की गुरुजी देवमाणूस आहेत, फक्त पेपर काढायला बसले असतील त्या दिवशी त्यांच्या फार जवळून जाऊ नका. मी ते हसण्यावारी नेलं.

शिष्यवृत्तीच्या सराव परीक्षेचे पेपर गुरुजी काढत. वर एक प्रश्न, खाली चार पर्याय, त्यांतला एक बरोबर आणि तीन चूक. बाकीचे मास्तर प्रश्नासाठी डोकं शिणवत आणि चुकीचे पर्याय जाता जाता फेकत, म्हणजे सूर्य कोठे उगवतो, तर पूर्वेला, पश्चिमेला, साताऱ्याला, विहिरीत. असला पेपर दिसला की गुरुजींना जेवण जात नसे. चारही पर्याय सारख्याच लांबीचे हवेत, नाहीतर पोरं लांबलचक उत्तर बघून खूण करून मोकळी होतात. बरोबर उत्तर दर वेळी 'क'च्या पोटात दडवायचं नाही. आणि 'यांपैकी नाही' हा पर्याय म्हणजे निव्वळ मास्तरचा आळस. "बाई, चुकीचा पर्याय कुणाला तरी खरा वाटत असला पायजे," ते मला म्हणाले होते. "न्हाईतर पोर नेमकं कुठं चुकलं ते आपल्याला कळायचं कसं?" असे पर्याय गोळा करायला ते एस.टी. स्टँडवरच्या हॉटेलात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना प्रश्न घालत आणि जो ठणकावून चुकेल त्याला चहा पाजत.

इथवर सगळं ठीक होतं. पण सापडलेलं चूक उत्तर पेपरात घालण्याआधी ते एक दिवस खरं मानून राहत, आणि तिथून माझी बोबडी वळायला सुरुवात झाली. उन्हाळा का होतो, याला कुणीतरी 'सूर्य जवळ येतो म्हणून' असं उत्तर दिलं होतं. त्या दिवशी गुरुजी शाळेत वाकून आले, दारातून बाहेर पडताना डोकं सांभाळत होते, आणि बायकोने वाळत घातलेल्या कुरडया करपतील म्हणून सकाळीच आत ठेवून आले होते. पोरं हसली, मीही हसले. दुपारी त्यांच्याबरोबर मैदान ओलांडताना माझ्या टाळूला असा चटका बसला की मी पदर घेतला. संध्याकाळी वेणी सोडली तर केसांना करपल्याचा वास येत होता.

पुढच्या पावसाळ्यानंतर त्यांनी कृष्णा धरली. कृष्णा अरबी समुद्राला मिळते, असं बरीच पोरं लिहितात, आणि त्यांचंही काही चुकत नाही, कारण तो समुद्र जवळ आहे. गुरुजी मला पुलावर घेऊन गेले आणि कठड्याला रेलून शांतपणे पाणी बघत राहिले. खाली कुणीतरी सोडलेला झेंडूचा हार चालला होता. तो प्रवाहाबरोबर कऱ्हाडकडे जायला हवा होता. तो साताऱ्याच्या बाजूला, डोंगराकडे, सावकाश वर चालला होता. काठावर धुणं धुणाऱ्या बाईनेही तो पाहिला आणि वाऱ्यानं जातोय म्हणाली. वारा अजिबात नव्हता. मी गुरुजींच्या तोंडाकडे पाहिलं, तर त्यांना त्यात काहीच वावगं दिसत नव्हतं, आणि मला पहिल्यांदा त्यांची खरीखुरी भीती वाटली.

ही भीती त्यांच्या बायकोच्या तर पाचवीला पुजलेली होती. मी त्यांना वहिनी म्हणे. एक दिवस हा माणूस कुठल्यातरी चुकीत आत जाईल आणि परत बाहेर येणार नाही, या धास्तीत त्यांनी संसार केला. म्हणून दिवेलागणीला देवापुढे समई लावली की त्या बाहेर सोप्यात येऊन विचारायच्या, "आवं, बरोबर उत्तर कंचं?" गुरुजी डोळे चोळत, बरोबर उत्तर सांगत, आणि मग पाय धुऊन जेवायला बसत. हे असं मूलबाळ नसलेल्या त्या घरात वर्षानुवर्षं चाललं होतं.

मग वहिनींच्या पोटात दुखू लागलं. मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि गुरुजींना बाजूला घेऊन सांगितलं, की आता घरी न्या, दिवाळी काही त्यांना दिसायची नाही. परतताना गुरुजी सांगलीला माझ्या माहेरी चहाला थांबले, मी सुट्टीत तिथेच होते, तेव्हा ते खुशीत होते. "बरी होतीया ती," ते माझ्या आईला म्हणाले, आणि मला त्यांचा तो पुलावरचा चेहरा आठवून अंगावर काटा आला.

वहिनी बऱ्या झाल्या. दिवाळीला त्यांनी स्वतः चकल्या पाडल्या, बाजारात जाऊन मेथीसाठी घासाघीस केली. मिरजेचे डॉक्टर जुना आणि नवा असे दोन्ही फोटो उजेडाला धरून पुन्हा पुन्हा उलटे करून बघत राहिले. गावाने औषधाला श्रेय दिलं. मी त्यांच्या घरी गेले की वहिनी मला स्वयंपाकघरात ओढत आणि हळू आवाजात सांगत, "बाई, मी इचारायचं बंद केलंय. तुमी बी त्यास्नी काय इचारू नगा. लय भूक लागतीया मला."

पण गुरुजी बाहेर येईनात. एका चुकीत इतके दिवस राहिल्यावर त्यांना कुठलंच बरोबर उत्तर ओळखू येईना. पोरांनी पूर्व लिहिलं की लाल फुली, पश्चिम लिहिलं की शाबासकी. मीच वर्ग सांभाळायला जाई, तर पोरं मला विचारत, की बाई, खरं कुठलं, तुमचं का गुरुजींचं? शिष्यवृत्तीची परीक्षा तोंडावर आली होती. शेवटी एक आई मुलीचा पेपर घेऊन गुरुजींच्या घरी गेली. मुलगी हुशार होती, सगळी उत्तरं बरोबर होती, आणि तिला भोपळा मिळाला होता. माय रडत होती आणि वहिनी पेपर हातात घेऊन एकेक लाल फुली बघत होत्या. मीही तिथेच होते.

ती गेल्यावर वहिनींनी समई लावली आणि सोप्यात आल्या. मी त्यांचा हात धरला, तर त्यांनी तो सोडवला.

"पोरांचं वरीस जातंय," त्या म्हणाल्या. "आवं, बरोबर उत्तर कंचं?"

गुरुजींनी डोळे चोळले. मग अगदी वर्गात सांगावं तसं म्हणाले, "तू बरी व्हनार न्हाईस."

"बरोबर," वहिनी म्हणाल्या, आणि भाकरी टाकायला आत गेल्या.

त्या आठवड्यातच त्या गेल्या. गुरुजी सुतक संपवून शाळेत आले, पेपर काढू लागले, आणि चौथी पुन्हा मार्गी लागली. त्या वर्षी सराव परीक्षेत जवळजवळ सगळ्या पोरांना पैकीच्या पैकी मार्क पडले. हेडमास्तरांना आनंद आवरेना, त्यांनी पेढे मागवले. मी पेपर वाचला. सूर्य कोठे उगवतो, आणि खाली एक पर्याय होता, विहिरीत.

मी तो पेपर गुरुजींपुढे धरला. ओरडायचं ठरवून गेले होते, पण त्यांना बघून शेजारच्या बाकावर बसले. म्हटलं, गुरुजी, असले पर्याय कुणाला खरे वाटणार?

"न्हाई वाटणार," ते म्हणाले. "काय करू बाई, मलाच वाटत न्हाईत आता." आणि पेढा तसाच हातात धरून खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर ऊन होतं, नेहमीसारखं, जितकं असायला हवं तितकंच.