चार तलवारींचा पत्ता

बायको पत्ते काढते, हे मी कंपनीत कुणाला सांगितलेलं नाही. रांजणगावला मी क्वालिटीत आहे. आलेल्या मालातले ठरलेले नग उचलायचे, मोजायचे, नोंद करायची आणि माल आत घ्यायचा की परत पाठवायचा ते ठरवायचं, हे माझं सव्वीस वर्षांचं काम. अशा माणसाच्या शिरूरच्या घरात दुपारी बायका टॅरो, म्हणजे पत्त्यांवरून भविष्य, बघायला येतात, हे ऐकून लोक हसले असते.

लॉकडाउनमध्ये ती हे मोबाइलवर शिकली. एका बाईला एकच पत्ता, हा तिचा नियम. माझा विश्वास नाही, हे तिला ठाऊक आहे. मी एवढंच म्हणालो होतो की करायचंच असेल तर वही ठेव. तारीख, प्रश्न, पत्ता, सांगितलेला अर्थ, आणि शेवटचा रकाना पुढे काय झालं याचा. पहिले चार रकाने ती नेमाने भरते. शेवटचा बहुधा रिकामाच राहतो, कारण बायका परत येऊन सांगत नाहीत.

माझी थोरली बहीण, आक्का, दौंड तालुक्यात राहूला दिलेली आहे. शेतात झेंडू, शेवंती, थोडी वांगी. दोन वर्षांपासून तिला महिन्यातले दहा-बारा दिवस रक्तस्राव व्हायचा. हे तिने मला कधी सांगितलं नाही, बायकोला सांगितलं आणि बायकोने मला. डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितली होती. आधी रक्त चढवायचं, मग ऑपरेशन, मग सहा आठवडे पूर्ण विश्रांती. आक्का म्हणत होती, दसरा होऊ दे. मागच्या वर्षी दसऱ्यानंतर दिवाळी आली होती, आणि दिवाळीनंतर मार्गशीर्षातले गुरुवार. फुलं करणाऱ्या घरात मोकळा महिना असा निघत नाही.

यंदा बायकोनेच दसऱ्याआधीची ऑपरेशनची तारीख घेतली. त्या तारखेच्या आधीच्या गुरुवारी, म्हणजे कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, दाजी आक्काला पारगाव-न्हावऱ्यावरून मोटारसायकलवर घेऊन आले आणि तिला सोडून खताच्या दुकानाकडे गेले. दारातून खोलीपर्यंत येताना ती दोनदा भिंतीला धरून थांबली. ओठ पांढरे पडले होते. मी फाइल मागून घेतली. हिमोग्लोबिन सहा पॉइंट चार. बाईमाणसाचं बाराच्या खाली नसावं, असं त्याच कागदावर शेजारी छापलेलं होतं.

जेवणं झाल्यावर आक्का बायकोला म्हणाली की माझाही एक पत्ता काढ, ऑपरेशन करू का नको ते विचार. बायकोने टाळायचा प्रयत्न केला. आक्काने ऐकलं नाही, स्वतःच गड्डीतून एक पत्ता ओढला आणि उलटला.

एक माणूस उताणा पडलेला. हात छातीवर जोडलेले, डोळे मिटलेले. वर भिंतीवर तीन तलवारी, टोकं खाली, त्याच्याच अंगावर रोखलेली. चौथी त्याच्या खाली आडवी.

बायकोने लगेच सांगितलं की हा विश्रांतीचा पत्ता आहे. लढाईवरून आलेला माणूस आडवा झालाय, चांगला पत्ता आहे. आमच्याकडे माणसाला असं उताणं, हात जुळवून केव्हा ठेवतात, हे आक्काला कुणी समजावायची गरज नव्हती. बायको मनधरणीसाठी अर्थ फिरवतेय, असं तिला वाटलं. बायकोने वही काढून दाखवली. दोनशे अकरा नोंदींत हा पत्ता तीनदा आला होता, आणि तिन्ही वेळा ‘विश्रांती’ असंच लिहिलेलं होतं. गड्डीत अठ्ठ्याहत्तर पत्ते असतात, तेव्हा तीनदा येणंही बरोबर होतं. आक्काने तिन्ही ओळी बोट ठेवून वाचल्या आणि वही मिटली. वहिनीनं प्रत्येकीला धीरच दिला असणार, एवढंच म्हणाली.

मग पत्ता माझ्यापुढे सरकवला.

“तू खोटं बोलत न्हाईस म्हणून तुला इचारते. ह्यो मेलाय का निजलाय?”

अडचण अशी होती की मला उत्तर माहीत होतं. गड्डीसोबत एक इंग्रजी पुस्तिका आली होती. ती मी पूर्वी वाचली होती, न कळलेले शब्द शब्दकोशात पाहिले होते. बायको माझ्याकडे बघत होती. तिला एकच शब्द हवा होता, निजलाय. तो मी बोललो असतो तर आक्का बहुधा राजी झाली असती. पण मालावर न तपासता शिक्का मारला की पुढे कधीतरी तो परत येतोच, आणि तेव्हा कुणी आपल्या शिक्क्याला विचारत नाही.

मी म्हणालो, “दोन्ही नाही, आक्का. तो दगडाचा आहे. कबरीवर घडवलेला पुतळा.”

“आन् कबरीत?”

“असेल कुणीतरी. चित्रात दाखवलेला नाही.”

बायको उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी जरा जोरात वाजली. आक्का पत्त्याकडे बघत राहिली. मला वाटलं, हातचं घालवलं.

“दगूड व्हय,” ती म्हणाली. “एवढं निवांत पडायचं म्हंजी दगूडच व्हाया पायजे.”

ती हसत नव्हती. मला बायकोने सांगितलेलं आठवलं. सासू होती तोवर आक्काला महिन्याचे चार दिवस बाहेर बसावं लागायचं. त्या चालीचं मी कौतुक करत नाही, पण तेवढे चार दिवस तिला कुणी कामाला हाक मारायचं नाही. सासू अकरा वर्षांपूर्वी गेली, चाल गेली, आणि ते दिवसही गेले. तेव्हापासून ती किती दिवस आडवी झाली, याचा मी मनात हिशेब लावून पाहिला. शून्याच्या पुढे जाता येईना.

मी तिला म्हणालो की पत्त्यात काय असतं ते मला कळत नाही, मला दिसतं तेवढं सांगतो. तलवारी चार. तीन भिंतीला, एक खाली. त्याच्या हातात एकही नाही. आणि कागदावर सहा पॉइंट चार आहे, ते मात्र कुणी गड्डीतून काढलेलं नाही.

तिने पत्ता डोळ्यांजवळ नेऊन त्या माणसाचे हात नीट पाहिले.

“दिस किती म्हणाले डाक्तर?”

“बेचाळीस.”

“दसरा मधी येतोय.”

“येतोय.”

“फुलं कोण तोडंल?”

“दाजी.”

“त्यास्नी देठ तरी ठेवता येतंय व्हय,” ती म्हणाली, आणि पत्ता कमरेच्या पिशवीत घातला. बायको दारात उभी होती, तिने पत्ता मागितला. आक्का म्हणाली, दवाखान्यात उशाला ठेवते.

ऑपरेशन नीट झालं. टाके निघाल्यावर ती आमच्याकडेच राहिली, पत्ता समोरच्या फळीवर. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक खूण करायचो. दसऱ्याला दाजी झेंडूची पाटी घेऊन आले. अर्ध्या फुलांना देठ नव्हते. आक्काने पडल्यापडल्याच तीन फुलं हातात घेऊन पाहिली, परत पाटीत टाकली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मला ते बेचाळीस दिवसांतलं सगळ्यांत अवघड काम वाटलं.

ती राहूला जायला निघाली त्या सकाळी मी वही काढली आणि तिच्या ओळीचा शेवटचा रकाना भरला: विश्रांती घेतली, बेचाळीसपैकी एकोणचाळीस दिवस. तीनदा मी तिला मेथी निवडताना पकडलं होतं.

आक्काने वाचलं आणि म्हणाली, “अडतीस कर. एकदा तू कंपनीत व्हतास.”

मी खोडून अडतीस केलं, आणि खोडल्याच्या जागी सही केली.